इंजिन थंड चालते? थर्मोस्टॅट तपासा
(बीड जिल्ह्यातील ट्रॅक्टरधारक शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. त्यामुळे इंजिन तापण्याची धास्ती सर्वांनाच आहे. मीटरचा काटा वर चढला की आपण ट्रॅक्टर किंवा जीप लगेच उभी करतो. पण काटा खालीच राहिला तर कोणी तक्रार घेऊन येत नाही. "इंजिन गार चालते, बरे आहे," असे म्हणतो. आज याच समजुतीविषयी बोलायचे आहे. गरजेपेक्षा थंड चालणारे इंजिनही आजारी असते. ते बंद पडत नाही, म्हणून आजार उशिरा कळतो.

याचे मूळ बहुधा उन्हाळ्यातच असते. इंजिन तापले, की गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढून टाकतात. मग दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टर ऊसतोड टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो. थंडीच्या रात्री कारखान्याच्या यार्डात नंबर येईपर्यंत इंजिन मंद गतीवर तासन्‌तास चालू राहते आणि तापतच नाही. टोळीला दिलेली उचल अंगावर आणि ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर असताना भर हंगामात इंजिन उघडावे लागले, तर वर्षाचे गणित बिघडते.

थंड इंजिनात काय बिघडते?

बहुतेक ट्रॅक्टर व जीपच्या इंजिनातील पाणी ८० ते ९५ अंश सेल्सिअस तापमानाला असावे लागते. त्याहून थंड इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑईलचा थर धुऊन काढते आणि खाली ऑईलमध्ये उतरते. शिवाय एक लिटर डिझेल जळताना सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. गरम इंजिनातून ही वाफ बाहेर जाते, थंड इंजिनात तिचे पाणी होऊन ऑईलमध्ये मिसळते. परिणामी रिंगा व लायनर लवकर झिजतात.

याची लक्षणे अशी: इंजिन गरम व्हायला हवे तेवढा वेळ होऊनही धुराड्यातून पांढरा धूर येणे, डिझेल जास्त लागणे, ऑईल भरण्याच्या झाकणाखाली मळकट पांढरा चिखल दिसणे आणि डिपस्टिकवर ऑईलची पातळी वाढणे. ऑईल आपोआप वाढत नसते. वाढले, तर त्यात डिझेल किंवा पाणी उतरले असे समजावे.

निदान कसे करावे?

पहिली पायरी म्हणजे पाण्याची पातळी. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडावे. पाणी कमी असेल, तर तापमान मोजणारा सेन्सर कोरडा राहतो आणि इंजिन तापलेले असूनही काटा खाली दिसू शकतो. ही स्थिती सर्वांत धोक्याची.

दुसरी पायरी वरच्या होजपाइपची. सकाळी थंड इंजिन चालू करावे. गळ्यातील उपरणे काढून ठेवावे व हात पंखा आणि पट्ट्यापासून दूर ठेवावा. रेडिएटरकडे जाणारा वरचा होजपाइप अधूनमधून चाचपावा. थर्मोस्टॅट चांगला असेल, तर होजपाइप बराच वेळ गार राहतो आणि मग थोड्याच वेळात एकदम गरम होतो. सुरुवातीपासूनच तो हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा काढून टाकलेला आहे. होजपाइप वेळेवर गरम झाला आणि काटा मात्र खालीच असला, तर दोष सेन्सर, वायर किंवा मीटरमध्ये शोधावा.

तिसरी पायरी थर्मोस्टॅट बाहेर काढून पाहण्याची. तो बहुधा वरचा होजपाइप इंजिनाला जोडतो तेथील झाकणाखाली असतो. थंड असताना त्याची झडप बंद असली पाहिजे. नंतर तो दोरीने पातेल्यातील पाण्यात, तळाला न टेकता, टांगावा आणि पाणी तापवावे. आतील मेण वितळून फुगते व झडप उघडते. उघडण्याचे तापमान बहुधा त्यावरच कोरलेले असते, उदाहरणार्थ ८२ अंश. थर्मामीटरने पडताळावे. बसवताना मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला ठेवावी व गॅस्केट नवे घालावे.

थर्मोस्टॅट काढणे हा तापण्यावर उपाय नाही. काही इंजिनांत तो नसल्यास पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरते आणि इंजिन उलट जास्त तापते. तापण्याची खरी कारणे वेगळी असतात: रेडिएटरच्या जाळीत अडकलेले पाचट व भुसा, ढिला पट्टा आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे आत साचलेले कीटण. याच कीटणाने थर्मोस्टॅटही अडकतो. म्हणून बोअरचे पाणी टाळून डिस्टिल्ड पाणी व कूलंट उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात भरावे.

नव्या गाड्यांत इंजिनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते. इंजिन थंड राहिले, तर संगणक जास्त इंधन सोडत राहतो. अशा गाडीच्या वायरीशी खेळू नये. दिवा लागल्यास तपासणी यंत्रावर दोष वाचून घ्यावा.

विहिरीवरचे डिझेल इंजिन

पंपाच्या डिलिव्हरी पाइपातून विहिरीचे गार पाणी सरळ इंजिनात सोडण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तेथे कॉक पूर्ण उघडा ठेवल्यास इंजिन थंड राहते. बाहेर पडणारे पाणी हाताला चांगले गरम लागेल इतपत कॉक आवळावा, मात्र प्रवाह पूर्ण बंद करू नये.

शेवटी एवढेच सांगतो. ट्रॅक्टर ऊसवाहतुकीला नेण्यापूर्वी थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हे स्वतः पाहा. यार्डात नंबर लांब असेल, तर इंजिन बंद ठेवा. ऑईलची पातळी वाढलेली आढळल्यास कारण शोधून दुरुस्त करा आणि ऑईल बदला. थर्मोस्टॅटची किंमत लायनर-पिस्टनच्या कामापुढे अगदीच थोडी आहे.