दुकानदारांच्या चिठ्ठ्या



आमच्या संग्रहांत सोन्यारुप्याचें नाणें शोधूं जाल तर निराश व्हाल. आम्ही जपतों त्या दुसऱ्या महायुद्धांत दुकानदारांनीं सुट्या पैशांऐवजीं दिलेल्या चिठ्ठ्या. पुठ्ठ्याचा लहानसा तुकडा, त्यावर दुकानाचा शिक्का आणि ‘एक पैसा’ एवढीं अक्षरें.

युद्धामुळें धातूची चणचण पडली, आणि भ्यालेल्या लोकांनीं नाणीं दडवून ठेविलीं. जून १९४० मध्यें सरकारनें गरजेहून अधिक नाणीं सांठविणें हा गुन्हा ठरविला. त्याच वर्षीं एक रुपयाची नोट काढली. तथापि नोटेनें कोथिंबिरीची जुडी कशी घ्यावी? रुपयाचे पैसे ६४, आणि टंचाई होती ती पैशाचीच! १९४२-४३ सालीं टपालाचीं तिकिटें देखील मोड म्हणून फिरलीं. १९४३ मध्यें टांकसाळीनें भोकाचा पैसा काढला. जुना ७५ ग्रेन वजनाचा, हा अवघा ३० ग्रेनांचा. काठेवाडांत मोरवी, नवानगर, जुनागड या संस्थानांनीं स्वतःचीं कूपनें छापलीं. मध्यप्रांत-वऱ्हाडांत तशी दरबारी सोय नव्हती. दुकानदाराचा शब्द हाच आधार. युक्ति मात्र जुनीच. अमेरिकेच्या यादवी युद्धांत व्यापाऱ्यांनीं तांब्याचे बिल्ले पाडले होते. ते १८६४ सालीं कायद्यानें बंद झाले.

आतां अमरावतीचा किंवा अकोल्याचा बाजार डोळ्यांपुढें आणा. कापसाचा हंगाम, वेचणीची मजुरी आण्या-पैशांत. मोठ्या व्यवहारास पेढीवर खातेंवही होती. मोडीची अडचण मजूर बाईची. चिठ्ठी ज्या दुकानाची त्याच दुकानीं चाले. पलीकडची भाजीवाली ती हातीं धरीना. म्हणजे नड दुकानदाराची, आणि त्याच दारीं पुन्हा जाण्याचें बंधन गिऱ्हाइकावर! व्यापाऱ्यांस आम्ही सर्वस्वीं दोष देत नाहीं. पैसा त्यांच्यापाशींहि नव्हता. परंतु वटलेली चिठ्ठी सहसा नाहींशी होई. आज आमच्या हातीं येते ती बहुधा न वटलेली. कोणा गरिबाचा तो पैसा कायमचा बुडाला. आम्ही जमवितों तें लोकांचें बुडालेलें येणें आहे, हें विसरून कसें चालेल?

म्हणून कोऱ्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याहून तेलकट, दुमडलेली एक चिठ्ठी आम्हांस अधिक मोलाची वाटते. कोरा गठ्ठा बहुधा कोणाच्या पदरीं पडलाच नाहीं. तेलाचा डाग सांगतो कीं ही हातोहात फिरली. तो डाग धुऊं नये. चिठ्ठी कोणत्या गांवीं सांपडली तें पेन्सिलीनें पाकिटावर लिहावें, चिठ्ठीवर नव्हे. आपल्या घरीं आजीच्या ट्रंकेंत अथवा जुन्या प्रार्थनापुस्तकाच्या पानांत असा तुकडा आढळल्यास केरांत टाकूं नका. आम्हांस अवश्य दाखवा.