पाएया : स्पेनमधील मासळीचा भात
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर लागल्यापासून मला दोन प्रश्न सारखे विचारले जात आहेत. ही बिर्याणीच ना? आणि मसाला कोणता घालायचा? दोन्हींचे उत्तर आधीच देऊन टाकते. ही बिर्याणी नव्हे, पुलावही नव्हे. आणि मसाला म्हणाल तर केशर, लसूण व थोडी लाल मिरचीची पूड, एवढाच. लवंग नाही, वेलदोडा नाही, आले नाही. हे ऐकून ज्यांचा उत्साह मावळला असेल त्यांनी थोडा धीर धरावा.

माझी मुलगी नोकरीच्या निमित्ताने स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरी असते. दोन वेळा मिळून सहा-सात महिने माझा तिच्याकडे मुक्काम झाला. शेजारच्या आजीबाईंना मराठी येत नव्हते आणि मला स्पॅनिश. पण शेगडीपुढे उभ्या राहिलेल्या दोन बायकांना भाषा फारशी लागत नाही. मी जे सांगणार आहे ते बहुतेक त्यांच्या हाताकडे पाहून शिकलेले आहे.

पदार्थाचे नाव पाएया. हा शब्द मुळात भांड्याचा. लॅटिनमध्ये पसरट भांड्याला पातेल्ला म्हणत, त्यावरून तो आला. कानाला आपले पातेले आठवते, पण भांडे अगदी उलट : पातेले खोल, तर हे परातीसारखे उथळ, दोन बाजूंना दोन कान असलेले. भांड्याचेच नाव पदार्थाला पडले, यातच त्याचे निम्मे मर्म आहे. भात पसरट भांड्यात बोटभर जाडीचाच शिजला पाहिजे. खोल भांड्यात केला तर तो काहीही होईल, पाएया होणार नाही.

स्पेनमध्ये भातशेती रुजवली ती अरबांनी. तांदळाला तिकडे ‘आर्रोस’ म्हणतात आणि केशराला ‘आथाफ्रान’. दोन्ही शब्द अरबी. आपण ज्याला जाफरान म्हणतो तोच हा आथाफ्रान. व्हॅलेन्सियाच्या दक्षिणेस आल्बुफेरा नावाचे मोठे सरोवर आहे आणि त्याच्या काठाने भाताची खाचरे पसरलेली आहेत. पाण्याने भरलेल्या दिवसांत ती पाहिली तेव्हा मला आपल्या कोकणातच आल्यासारखे वाटले. फक्त माड नव्हते.

या खाचरांतल्या माणसांचे दुपारचे जेवण म्हणजे मूळची पाएया. तिच्यात मासळी नसे. कोंबडी, ससा, हिरव्या शेंगा, मोठे पांढरे पावटे आणि कधी गोगलगायी! नाके मुरडू नका, त्या लोकांना आपले सुके बोंबील कसे वाटतील याचाही विचार करा. मासळीची पाएया समुद्राकाठची. या दोहोंवरून तिकडे एवढे वाद चालतात की आपल्याकडे पुरणपोळी दुधाशी की तुपाशी हा वाद त्यापुढे काहीच नाही. २०१६ साली जेमी ऑलिव्हर या प्रसिद्ध इंग्रज बल्लवाने पाएयात डुकराच्या मांसाचे सॉसेज घातले, तेव्हा स्पेनमधून त्याच्यावर संतापाची झोड उठली. पुढे २०२१ मध्ये व्हॅलेन्सियाच्या प्रांतिक सरकारने पाएयाला सांस्कृतिक ठेव्याचा दर्जाच देऊन टाकला.

त्याच किनाऱ्यावर ‘आर्रोस आ बांदा’ नावाचा एक प्रकार आहे. ‘आ बांदा’ म्हणजे बाजूला, वेगळा. तो कोळ्यांचा भात. चांगली मासळी बाजारात विकायची. जी बारीकसारीक, काटेरी, कोणी घेत नाही ती उकळून तिच्या पाण्यात भात शिजवायचा. भात वेगळा वाढायचा, मासळी वेगळी. आपल्या कोळणींना हे समजावून सांगावे लागणार नाही. माझ्या मते मासळीच्या पाएयाचे खरे रहस्य इथे आहे. आपण भातावर किती कोलंबी दिसते ते पाहतो. त्या आजीबाई आधी नुसता भात चाखून पाहत. मासळी भातात उतरली पाहिजे, वर दिसली काय आणि न दिसली काय.

आता कृती. चार माणसांना साडेतीनशे ग्रॅम तांदूळ, म्हणजे सुमारे दोन वाट्या. तिकडे बोंबा नावाचा आखूड, गोलसर दाण्याचा तांदूळ वापरतात. तो पुष्कळ पाणी पितो आणि तरी फुटत नाही. बासमती नको, तो रस्सा नीट पीत नाही. आंबेमोहोर मऊ पडतो आणि स्वतःचाच सुवास पुढे करतो. मी जुना कोलम घेते. तांदूळ निवडून कोरड्या फडक्याने पुसावा, धुवायचा नाही. हे ऐकून पुढच्या रांगेत चुळबूळ झाली, पण तिकडची रीत तशीच आहे.

अर्धा किलो कोलंबी सालांसकट आणावी. सहा-आठ अख्खी ठेवून बाकीची सोलावी, आणि डोकी व साले मांजरीला घालू नयेत. तीच खरी दौलत. थोड्या तेलात ती लाल होईपर्यंत परतावी, डोकी डावाने दाबावी, एखादे माशाचे डोके किंवा काटे मिळाले तर तेही घालावे, आणि सात वाट्या पाणी ओतून वीस-पंचवीस मिनिटे उकळावे. त्याहून अधिक नको, रस्सा कडवटतो. गाळून पाच वाट्या रस्सा भरला पाहिजे. तिसऱ्या मिळाल्या तर वेगळ्या वाफवाव्या, उघडल्या नाहीत त्या टाकून द्याव्या आणि त्यांचे पाणी फडक्यातून गाळून रश्श्यात मिळवावे. ते खारट असते, म्हणून मीठ त्यानंतरच. केशराच्या वीस-पंचवीस काड्या किंचित शेकून, चुरून गरम रश्श्यात टाकाव्या. हळद घालू नका. रंग येईल, पण वासही येईल. तिकडेही काटकसरीच्या घरी केशराऐवजी पिवळ्या रंगाची पूड घालतात. केशर परवडत नसेल तर भात पांढरा राहिला तरी चालेल.

भांडे म्हणून आपली जाड बुडाची मोठी लंगडी घ्यावी. ऑलिव्ह तेल पाव वाटी. ते नसेल तर शेंगदाण्याचे रिफाइंड तेल, कारण घाण्याच्या तेलाचा वास फार उग्र. अख्खी कोलंबी दोन्ही बाजूंनी क्षणभर परतून काढून ठेवावी. मग माकुलाच्या चकत्या पाणी आटेपर्यंत परताव्या. त्यावर बारीक चिरलेला लसूण, लगेच दोन किसलेले टोमॅटो. हे सगळे गडद लाल होऊन तेल सुटेपर्यंत धीराने परतायचे. कांदा व्हॅलेन्सियात बहुधा घालत नाहीत. त्याने भात मऊ पडतो म्हणतात. शेवटी चमचाभर मिरचीची पूड. तिकडची मिरची गोडसर असते, म्हणून आपली ब्याडगी घ्यावी. लवंगीच्या वाटेला जाऊ नये. तांदूळ घालून दोन मिनिटे परतावा, कढत रस्सा ओतावा आणि डावाने सर्वत्र सारखा पसरावा.

इथून पुढे डाव खाली ठेवायचा. भात ढवळायचा नाही, झाकण घालायचे नाही. आपल्या हाताला हे फार कठीण जाते. ढवळले की दाण्याचा चिकटपणा सुटतो आणि पाएयाची खिचडी होते. आठ मिनिटे मोठी आच, मग आठ-नऊ मिनिटे मंद. घरच्या शेगडीची आच कडेपर्यंत पोचत नाही, तेव्हा ढवळण्याऐवजी भांडेच मधूनमधून फिरवावे. शेवटच्या चार मिनिटांत सोललेली कोलंबी भातात खोचावी; अख्खी कोलंबी व तिसऱ्या वर मांडाव्या. पाणी आटले की मिनिटभर आच वाढवून कान द्यावा. तळाशी तडतड ऐकू येते आणि खमंग वास सुटतो. करपल्याचा वास येण्याआधी उतरवून फडक्याने झाकून पाच मिनिटे ठेवावे.

त्या तडतडीतून तळाशी जो तांबूस थर धरतो त्याला ‘सोकार्रात’ म्हणतात. आपल्या भाषेत खरवड. आपल्याकडे खरवड कोणाच्या वाट्याला येते, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. सगळ्यांची जेवणे उरकली, भांडी घासायची वेळ झाली की घरातली बाई ती उलथन्याने काढून उभ्याउभ्या खाते. व्हॅलेन्सियात त्या खरवडीसाठी भांडणे होतात. पाहुण्याला ती मानाने वाढतात.

आणखी एक रीत तिथे पाहिली. भात विसाव्याला ठेवला की सर्वांनी मेजाशी येऊन बसायचे, कारण हा भात कोणासाठी थांबत नाही. उशीर झाला की दाणा फुगून मऊ होतो. भांडे मधोमध ठेवतात, ज्याने त्याने लाकडी चमच्याने आपल्यासमोरचा वाटा खायचा, दुसऱ्याच्या हद्दीत जायचे नाही. म्हणजे गरम गरम वाढीत एकीने उभे राहायचे आणि मागाहून गार जेवायचे, ही सोयच या पदार्थात नाही. रांधणारीला पहिल्या घासालाच बसावे लागते. रांधणारीला म्हटले खरे, पण रविवारची पाएया तिथे पुष्कळ घरी पुरुष करतात आणि त्याबद्दल त्यांची वाहवाही होते. सोमवार ते शनिवारच्या स्वयंपाकाची वाहवा होताना मात्र मी तिथेही ऐकली नाही.

ज्या भगिनी मासळी खात नाहीत त्यांच्यासाठी भाज्यांचीही पाएया असते : फरसबी, फ्लॉवर, तांबडी ढोबळी मिरची, ओले पावटे. रस्सा भाज्यांच्या देठांचा करावा; बाकी कृती तीच. लिंबाच्या फोडी कडेला ठेवाव्या, वर पिळून ठेवू नयेत. ज्याला हवे तो घेईल. आणि भांडे मेजावर नेण्यापूर्वी त्याच्याखाली लाकडी पाट ठेवायला विसरू नका, लोखंड बराच वेळ तापलेले राहते.