‘इस्लामिक खातं’, ब्रोकर आणि आपला पैसा



शेअर बाजाराबद्दल बोलायला उभा राहिलो की तरुणांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, कोणता ब्रोकर घेऊ?’ हल्ली त्याला जोडून दुसरा येतो : ‘मोबाइलवर इस्लामिक खात्याची जाहिरात येते, ते उघडलं तर?’ मी दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण धोका तिथं मोठा आहे.

ही जाहिरात बहुतेक वेळा परदेशी फॉरेक्स ॲपची असते. चलनाचा सौदा रात्रभर चालू ठेवला की व्याजासारखी रक्कम लागते, तिला स्वॅप म्हणतात. ‘इस्लामिक’ खात्यात स्वॅप नसतो. पण तेच पैसे अनेकदा वेगळ्या शुल्काच्या नावानं किंवा खरेदी-विक्रीच्या दरांतला फरक वाढवून वसूल होतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, भारतात राहणाऱ्यानं चलनाचे असे ऑनलाइन सौदे रिझर्व्ह बँकेनं परवानगी दिलेल्या प्लॅटफॉर्मवर किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजारातच करायचे असतात. बाहेर केले तर फेमा कायद्याखाली कारवाई तुमच्यावरच होऊ शकते. सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँक अनधिकृत प्लॅटफॉर्मची सावधानतेची यादी प्रसिद्ध करते. पण यादीत नाव नाही म्हणून कुणी अधिकृत ठरत नाही.

हलाल काय, हराम काय, हे तुम्ही आपल्या विवेकानं ठरवा. पण पैसे बुडाले तर दाद कुठं मागणार? ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या कुणाला पैसे दिले, तर ना नोंद, ना पावती.

आता पहिला प्रश्न. ब्रोकर सेबीकडे नोंदलेला हवा. ॲपवर लिहिलेला नोंदणी क्रमांक सेबीच्या वेबसाइटवर जाऊन तपासा. शेअर तुमच्या नावाच्या डीमॅट खात्यात, म्हणजे सीडीएसएल किंवा एनएसडीएलकडे, जमा होतात ना, ते पाहा. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे पाठवू नका. ब्रोकरविरुद्धच्या तक्रारीसाठी सेबीचं ‘स्कोअर्स’ पोर्टल आहे. ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा.

मग दरपत्रक वाचा. ‘मार्जिन ट्रेडिंग’ म्हणजे ब्रोकरनं दिलेलं कर्ज, आणि त्यावर व्याज लागतं. व्याज नको म्हणून इस्लामिक खातं शोधणारा मुलगा इथं मात्र न वाचताच ‘होय’ दाबतो.

आणखी एक. तुम्ही जिंका किंवा हरा, सौद्यामागची दलाली ब्रोकरला मिळतेच. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, असं सेबीच्याच अभ्यासात दिसलं. म्हणून दिवसभर नोटिफिकेशन पाठवून सौदे करायला लावणाऱ्या ॲपपासून चार हात लांब राहा.

पाटीवर कोणता शब्द लिहायचा हे दुकानदार ठरवतो. नोंद, पावती आणि तक्रारीचा हक्क मात्र आपल्याला कायदा देतो. नागरिक म्हणून तो वापरा. आज घरी गेल्यावर फोनमधल्या ॲपचा नोंदणी क्रमांक शोधा. नाही सापडला, तर त्यात एक रुपयाही टाकू नका.