वेदनेवर हात, पण जाणकाराचा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त डोंबिवली येथे झालेल्या आरोग्यविषयक सभेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाचे स्मरण म्हणून आपल्या संस्थेने फिजिओथेरपी केंद्र उघडण्याचे योजिले आहे. त्या निमित्ताने मालिश व वेदनाशमन या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांची इच्छा आहे. मी वैद्य नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापडाचा व्यापारी. उपचार सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु समाजाने विश्वासाने दिलेला पैसा कोठे सार्थकी लागेल, याचा विचार करणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे आणि त्याच दृष्टीने मी हा विषय अभ्यासिला आहे.

बोरीबंदरहून पहिली आगगाडी १८५३ साली ठाण्यास आली आणि पुढील वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. आज या मार्गावरील लक्षावधी माणसे एका हाताने कडी धरून, दुसऱ्या खांद्याला पिशवी अडकवून रोज तासन्‌तास उभी असतात. शेजारच्या भिवंडीत यंत्रमागावर कामगार पाळीभर उभा राहतो. हमाल पाठीवर कापडाच्या गाठी वाहतो. आम्ही दुकानदार दिवसभर गादीवर मांडी घालून बसतो आणि मग कंबरेतील ‘गादी सरकली’ म्हणून कण्हतो! मान, खांदा, कंबर, गुडघा यांपैकी एकाचेही दुखणे नाही असे घर आपल्या परिसरात विरळाच.

दुखऱ्या अंगावर हात फिरविणे ही आपली फार जुनी रीत आहे. चरकसंहितेत अभ्यंगाचे माहात्म्य सांगितले आहे. बाळ-बाळंतिणीस तेल लावून चोळणे आपल्या घरोघरी चालते. जैन परंपरेत सहा अभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याची गणना होते आणि दीर्घ पदविहाराने थकलेल्या साधूंचे पाय चेपणे हा त्या सेवेचाच भाग मानला जातो. म्हणजे मालिश आपणास परकी नाही. प्रश्न एवढाच, की ती कोणी करावी, केव्हा करावी आणि तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी.

मालिशीने सरकलेला मणका जागेवर बसत नाही. स्पर्श व दाब यांच्या संवेदना मज्जारज्जूत पोहोचल्या की वेदनेचा निरोप मेंदूकडे कमी प्रमाणात जातो, असे मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडले. शिवाय आखडलेला स्नायू सैल होतो, मनाचा ताण उतरतो. कंबरदुखीवरील मालिशीच्या प्रयोगांचा कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली आढावा घेतला. मालिशीने काही काळ आराम पडतो, दीर्घकाळ टिकणाऱ्या लाभाचा भक्कम पुरावा मात्र नाही, असा त्याचा आशय आहे. हा अल्पकाळचा आरामही मोलाचा आहे. कारण वेदना कमी झालेल्या त्या वेळात रुग्णास हालचाल व व्यायाम करता येतो, आणि खरी सुधारणा त्यातूनच होते. मालिश दार उघडते. चालावयाचे रुग्णानेच असते.

आता धोक्याविषयी. आमच्या व्यवसायातील एक गृहस्थ वरच्या फळीवरील तागा काढताना घसरले आणि कोपरावर पडले. कोणा चोळणाऱ्याने आठवडाभर जोर लावून कोपर रगडला. पुढे तपासणीत स्नायूमध्येच हाड धरल्याचे आढळले आणि हात पूर्ण सरळ होणे कायमचे थांबले. कोपराच्या दुखापतीनंतर जोराने चोळू नये, हे अस्थिरोगतज्ज्ञ याच कारणास्तव पुन्हा पुन्हा बजावतात. ताज्या मुक्या मारावर पहिले दोन-तीन दिवस चोळू नये. हाड मोडल्याची शंका असल्यास आधी क्ष-किरण तपासणी करावी. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, तर तेथे रक्ताची गुठळी असू शकते; चोळल्याने ती फुप्फुसात जाऊन प्राणावर बेतू शकते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांस विचारल्याविना मालिश करू नये. कंबरदुखीबरोबर ताप असेल, पायातील शक्ती गेली असेल किंवा लघवीवरील ताबा सुटला असेल, तर तेलाची बाटली बाजूस ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

म्हणूनच हात प्रशिक्षित हवा. इंग्लंडमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी मालिश करणाऱ्यांची संस्था स्थापिली. तीच आज तेथील फिजिओथेरपिस्टांची मान्यवर संस्था आहे. आपल्याकडे पोलिओच्या साथीनंतर १९५३ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, या विषयाचे शिक्षण सुरू झाले. पुढे महाराष्ट्रात या व्यवसायासाठी स्वतंत्र परिषद स्थापन झाली आणि २०२१ साली केंद्राचाही कायदा आला. नोंदणी पाहूनच उपचारक निवडणे आता आपणास शक्य आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. देणगीदारांचा कल साहजिकच यंत्रांकडे असतो. यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. कुशल हातांवर लावता येत नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत वजनाने कंबर ताणणे, अल्ट्रासाऊंडचे शेक व कमरेचे पट्टे यांची शिफारस केलेली नाही. व्यायाम, रुग्णशिक्षण व मालिश यांना मात्र त्या तत्त्वांत स्थान आहे. मालिशीबाबतचा पुरावाही दुबळाच आहे, हे त्यांनी प्रांजळपणे नमूद केले आहे. तेव्हा ज्या साधनांची शिफारसच नाही, त्यांनी खोल्या भराव्यात की रुग्णास अर्धा तास देणारा माणूस नेमावा, याचा हिशेब आपणच करावा.

माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, निधीचा मोठा भाग नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टांच्या वेतनासाठी ठेव म्हणून राखून ठेवावा. दुसरी, केंद्र पहाटे व रात्री उघडे असावे. कारण लोकलने येणारा-जाणारा नोकरदार दुपारी येऊ शकत नाही. तिसरी, प्रत्येक रुग्णास घरी करावयाचे व्यायाम मराठीत लिहून द्यावेत, म्हणजे त्यास आयुष्यभर आपल्या दारी यावे लागणार नाही. रुग्णाने स्वतःच्या पायांवर उभे राहावे आणि त्याची आपल्याकडील फेरी संपावी, हेच या केंद्राचे यश मानावे.

दात्यांनी या सूचनांचा अवश्य विचार करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो. जय जिनेंद्र.