गिऱ्हाईक आधी, छाप नंतर

(माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात केलेले भाषण)



धंद्याविषयी चार शब्द सांगावेत अशी आज्ञा मला झाली, तेव्हा थोडा संकोच वाटला. मी पडलो मास्तर. खडू आणि फळा यांपलीकडे माझा व्यवहार नाही. परंतु गेल्या दीड वर्षात माझ्या चार माजी विद्यार्थ्यांच्या धंद्यात मला नको तितके लक्ष घालावे लागले आणि त्यातून मीच पुष्कळ शिकलो. ते आपणांसमोर मांडतो.

झाले असे. दिवाळी होऊन भाताची झोडणी आटोपली होती. शहापूर आणि मुरबाड तालुक्यातली ही चार मुले एका संध्याकाळी घरी आली. हातात एक चकचकीत पिशवी. तीवर बिर्याणीचे रंगीत चित्र आणि मोठ्या अक्षरांत "अस्सल वाडा कोलम". म्हणाली, "सर, खाली एक झकास ओळ लिहून द्या. हजार पिशव्या छापून झाल्यात, उरलेल्या छापायच्यात."

मी विचारले, "आत तांदूळ कोणता?"

"जया आहे सर. थोडा कर्जत तीन."

मी गप्प बसलो. त्यांच्यातला एक हसून म्हणाला, "गिऱ्हाइकाला काय कळतंय, सर?"

मित्रहो, आजचे माझे सारे भाषण या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

आपल्याकडे समजूत अशी की, नाव ठेवले, चित्र काढले, रंगीत वेष्टन केले की माल खपतो. ही उलटी रीत झाली. उन्हाळ्यात माळशेज घाटाच्या रस्त्याला करवंदे विकणाऱ्या बाया आपण पाहतो. पानांचा द्रोण, त्यात एका माणसाला पुरतील इतकीच करवंदे. प्रवाशाला घरी न्यायची नसतात, गाडीत बसून खायची असतात. चीक हाताला लागू नये, खाऊन झाल्यावर द्रोण टाकला तरी कुजून जावा. त्या बाईने कोणत्याही कॉलेजात आकृतिबंधाचे शिक्षण घेतलेले नाही, पण घेणाऱ्याचा हात आणि त्याची घाई तिने नीट पाहिली आहे. वस्तू घडवण्याचा पहिला धडा हाच.

दुसरे उदाहरण मुंबईचे. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, काम चार महिने बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी. आरंभी त्या दोन प्रतीचे पापड करीत, एक चांगला आणि एक स्वस्त. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा पारेख यांनी सांगितले की, एकच प्रत ठेवा आणि ती कधी उतरू देऊ नका. हे सगळे झाल्यावर, १९६२ साली, नावासाठी स्पर्धा ठेवली गेली. बक्षीस होते ५ रुपये. निवडलेले नाव होते "लिज्जत". उर्दू जाणणाऱ्यांना त्यातली लज्जत वेगळी सांगायला नको. लक्षात घ्या, पापड आधी तीन वर्षे विकला गेला, नाव मागाहून आले. त्या नावाला जे वजन आले, ते त्या तीन वर्षांच्या सचोटीचे.

तिसरे उदाहरण तर आपल्या दारचे. गुळवेल आपल्या कुंपणावर, निंबावर फुकट वाढते. शहापूर तालुक्यातल्या सुनील पवार या कातकरी तरुणाने आणि त्याच्या सोबत्यांनी ती गोळा करून विकायला सुरुवात केली. केंद्र सरकारची वनधन योजना २०१८ साली सुरू झाली होती, तिचा त्यांना आधार मिळाला. औषधे करणाऱ्यांना काय हवे आणि घरी वापरणाऱ्यांना काय हवे, हे त्यांनी ओळखले. गुळवेल वाळवून दिली, तिचे चूर्णही केले. २०२० साली मोठमोठ्या औषध कंपन्यांच्या मागण्या या मुलांकडे आल्या. वेल तीच, रान तेच. फरक पडला तो घेणाऱ्याची गरज ओळखल्यामुळे.

आता पुन्हा आमच्या चौघांकडे येतो.

वाडा कोलम हा बारीक, सुवासिक तांदूळ. त्या नावाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणजे ते नाव वाड्याच्या मातीचे आणि तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या बियाण्याचे. ते आपल्या पिशवीवर छापणे हा कायद्याने गुन्हा तर होतोच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, ती शेजाऱ्याच्या घरातली चोरी आहे. मी मुलांना मदिनेच्या बाजारातला तो प्रसंग सांगितला, जो येथील लहान मुलालाही ठाऊक आहे. हजरत पैगंबरांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला, तो आत धान्य ओले लागले. भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले आणि फसवणारा आमच्यातला नव्हे, असे बजावले. चौदाशे वर्षांपूर्वीची ती रास आणि आजची ही पिशवी, यांत मला फरक दिसत नाही. पिशवीवरचे अक्षर म्हणजे राशीचा वरचा थर. आत हात घातला तर तेच लागले पाहिजे.

हजार पिशव्या वाया गेल्या. एका मुलाचे वडील दुसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या तत्त्वापायी पोराचे पैसे बुडाले." माझ्याकडे उत्तर नव्हते. चार मुलांपैकी एकाने धंदा सोडला. राहिलेल्या तिघांना मी म्हटले, आता पाच रविवार विकायचे काही नाही. कल्याण, भिवंडी, शहापूर इथल्या ओळखीच्या घरी जा आणि तीनच गोष्टी विचारा : तांदूळ कोणता आणता, कशासाठी वापरता, त्रास कसला होतो. उत्तर वहीत लिहा, वाद घालू नका.

वही भरली. भाताच्या तांदळासाठी प्रत्येक घराचा दुकानदार ठरलेला होता, तो बदलायला कोणी तयार नव्हते. पण एक तक्रार घरोघर निघाली, ती भाकरीच्या पिठाची. तांदूळ धुवायचा, सावलीत वाळवायचा, गिरणीत न्यायचा. फ्लॅटमध्ये वाळवायला गच्ची नाही, नोकरी करणाऱ्या सुनेला वेळ नाही, आणि गिरणीवाला गव्हामागून तांदूळ घालतो, म्हणून पीठ मिसळून येते. एका आजीबाईंनी तर सांगितले, "बाळा, भात राहू दे. धुतलेल्या तांदळाचे चांगले पीठ आणून दे."

पाहा मित्रहो! आमच्या मुलांना जो जाडा जया लपवावासा वाटत होता, तोच भाकरीला चालणारा निघाला. नवा तांदूळ भाताला चिकट होतो, पण पिठाची उकड त्यानेच मऊ येते. दोष वाटत होता तो गुण ठरला. "गिऱ्हाइकाला काय कळतंय" याचे उत्तर त्या वहीत होते.

मग पिशवी एक किलोची केली, कारण पीठ फार दिवस टिकत नाही आणि लोकलच्या गर्दीत जड ओझे कोणी नेत नाही. चित्र काढून टाकले. छापले एवढेच : धुतलेल्या तांदळाचे पीठ, तांदळाची जात, गाव आणि तालुका, दळल्याची तारीख, वजन, भाव, परवान्याचा क्रमांक. अक्षर मोठे ठेवले, आजीला चष्म्याविना वाचता यावे म्हणून. झकास ओळ शेवटी लिहिलीच नाही.

तरी चूक झाली. श्रावणात ऊन नसताना एक घाणा केला, पीठ नीट वाळले नव्हते, त्याला कुबट वास आला. एका भगिनीने कळवले म्हणून समजले. बाकीच्यांनी कळवले नसते. गिऱ्हाईक बहुधा भांडायला येत नाही, ते दुसऱ्या दुकानी जाते. तिघे त्या घाण्यातले पीठ घेतलेल्या प्रत्येक घरी गेले, पैसे परत केले आणि पावसाळ्यात पीठ करणार नाही असे सांगून आले. त्या महिन्यात तोटा झाला. दसऱ्यानंतर मात्र त्यांतली बहुतेक घरे पुन्हा आली. माझ्या मते त्यांच्या पिठाला खरी छाप त्या दिवशी मिळाली, छापखान्यात नव्हे.

तात्पर्य म्हणून चार गोष्टी सांगतो. माल करण्यापूर्वी घेणाऱ्याच्या घरी जा. त्याची अडचण हीच आपली वस्तू समजा. पिशवीवर आत असेल तेवढेच लिहा. आणि चूक झाली तर गिऱ्हाईक येण्याची वाट न पाहता आपण त्याच्या दारी जा.

धंदा अजून लहान आहे. तिघांचे पोट त्यावर पूर्ण भरत नाही, एक जण अजून रिक्षा चालवतो. मी यशाची कथा सांगायला उभा नाही. पण परवा ते रागावलेले वडील बाजारात भेटले. पिठाची एक पिशवी माझ्या हातात देत म्हणाले, "घ्या मास्तर, यावर आमच्या गावाचं नाव आहे."

शेवटी आम्हा शिक्षकांविषयी. आपल्या शाळेचे नावही एक छापच आहे आणि आम्ही देतो त्या दाखल्यावर ती उमटते. पालक त्या नावावर विश्वासून आपले मूल आमच्या हाती देतात. त्या दाखल्याच्या आत हात घातला तर ओले लागू नये, याची जबाबदारी आमची आहे. आम्हीही वर्षातून पाच रविवार पालकांच्या घरी जाऊन विचारावे, अशी माझी सहकाऱ्यांना विनंती आहे.