शेळ्यांची बुळकांडी

धाराशिव जिल्ह्याच्या जुन्या नांवावरून ‘उस्मानाबादी’ म्हणून जी काळी शेळी देशभर ओळखली जाते, ती कोरडवाहू मुलखांतील भूमिहीन कुटुंबाची पेढीच होय. निकड पडली कीं तीच विकावयाची. ह्या पेढीवर घाला घालणारा रोग म्हणजे पीपीआर, अर्थात् शेळ्यांची बुळकांडी. आरंभीं ताप, मग नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडांत व्रण, हगवण आणि न्युमोनिया. रोगाचा विषाणु श्वासावाटे व स्रावांतून पसरतो. म्हणून बाजारांतून आणलेलें एक जनावर सारा कळप बाधूं शकतें. मंगोलियांत २०१६-१७ सालीं हा रोग पाळीव जनावरांतून सायगा हरणांत शिरला व हजारों हरणें मेलीं.

ह्याच विषाणूच्या भाऊबंदांपैकीं गुरांची बुळकांडी लसीच्या बळावर जगांतून हटली. तसें २०११ सालीं जाहीर झालें. तोच मार्ग येथेंही मोकळा आहे. एका टोंचणीनें सुमारें ३ वर्षें संरक्षण मिळतें. करडूं ३ महिन्यांचें झालें कीं टोंचून घ्यावें; नवें जनावर ३ आठवडे वेगळें बांधावें. हा रोग माणसास होत नाहीं. परंतु शेळी गेली म्हणजे तिच्याबरोबर मुलांची फी आणि घरचें औषधपाणीही जातें.