जुन्या शिडांचें काय करावें?



समुद्राविषयीं बोलावयाचें म्हणजे लाटा, वादळें आणि धाडसी दर्यावर्दी यांच्याविषयीं बोलावें, असा प्रघात आहे. मी मात्र आज आपणांपुढें एक फाटकें कापड घेऊन आलों आहें. गलबताचें शीड जोंवर वाऱ्यानें फुगलेलें असतें, तोंवर कवि त्याच्यावर कविता करतात आणि चित्रकार त्याचीं चित्रें काढतात. तें विरलें, त्याला ठिगळें लागलीं आणि अखेर तांडेलानें तें डोलकाठीवरून कायमचें उतरविलें, म्हणजे पुढें त्याचें काय होतें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आज आपण तोच प्रश्न विचारणार आहोंत.

प्रथम शीड निकामी कसें होतें तें पाहूं. शीड म्हणजे जाड कापडाचे अरुंद पट्टे एकमेकांना शिवून केलेलें विस्तीर्ण वस्त्र. तें सर्वत्र सारखें झिजत नाहीं. वाऱ्यांत फडफडणारी कड आधीं फाटते. दोरांशीं घासणारा भाग आधीं विरतो. उन्हानें शिवणींतला दोरा कमजोर होतो. मधलें कापड पुष्कळदां धडधाकट असतें. परंतु एक शिवण उसवली कीं तिचा ताण शेजारच्या शिवणीवर पडतो, आणि भर वाऱ्यांत सबंध शीड टर्रकन् फाटतें. म्हणून एका ठिकाणीं कमकुवत झालेल्या शिडावर खलाशी आपला जीव सोंपवीत नाहींत. समुद्रावर जें टाकाऊ ठरतें, त्यांतलें बरेंचसें जमिनीवर उत्तम कामाचें असतें, तें यामुळेंच.

आमच्या कोंकण किनाऱ्यावर ही गोष्ट कोणाला शिकवावी लागत नसे. मी ज्या खाडीकांठच्या गांवीं मास्तरकी केली, तेथील वृद्ध माणसें जुन्या शिडाची सारी कुळकथा सांगत. मोठ्या मचव्याचें शीड थकलें, कीं त्यांतील धड भाग काढून लहान होडीचें शीड करीत. उरे तें खळ्यावर भात झोडतांना खालीं अंथरीत, अंगणांत सुपारी वाळविण्यास घेत, किंवा पावसाळ्यांत किनाऱ्यावर ओढलेल्या होडीवर झांकण म्हणून घालीत. त्याहून लहान तुकड्यांच्या पिशव्या नि झोळ्या होत. चिंध्या गोधडीच्या पोटांत जात, आणि गोधडी विटली म्हणजे तिचें पोतेरें होई. प्रत्येक पायरीवर कापडाकडून पूर्वीपेक्षां थोडें कमी मागितलें जाई; एकदम कांहींच न मागण्याची पाळी मात्र फार उशिरां येई. काटकसरीचें सारें शास्त्र एवढ्यांत आलें.

मुंबईतील डोंगरी हें नांव आपण ऐकलें असेल. या वस्तीच्या नांवावरून एका जाड्याभरड्या सुती कापडाला डोंगरी म्हणूं लागले. त्या कापडाचीं शिडें होत, तंबूही होत. इंग्रजांनीं तो शब्द उचलला, आणि पुढें डंगरी म्हणजे कामकऱ्याचा दणकट पोशाख, असा अर्थ जगभर रूढ झाला. न्यूझीलंडमध्यें १८९८ सालीं एडवर्ड लरॉय नांवाच्या गृहस्थानें शिडाच्या जुन्या कापडावर जवसाचें तेल आणि मेण यांचें मिश्रण चढवून खलाशांसाठीं पाऊस न शिरणारा अंगरखा तयार केला. जें वस्त्र वारा अडवीत होतें, तेंच पाणी अडवूं लागलें.

आतां याहून जुन्या गोष्टी ऐका. फ्रान्समधील लिआँ शहराच्या वस्त्रसंग्रहालयांत जवसाच्या झाडापासून काढलेल्या धाग्याच्या कापडाचा एक मोठा तुकडा आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं इजिप्तमध्यें तो एका प्रेताभोंवतीं गुंडाळला होता. त्याला लावलेल्या लहान कड्या पाहून विद्वानांनीं ओळखलें, कीं हें शीड आहे. त्या कड्यांतून शीड आवरण्याचे दोर ओवीत असत. नॉर्वेच्या उत्तर भागांत ट्रॉन्डेनेस येथें एक मध्ययुगीन चर्च आहे. त्याच्या छपराखालच्या फटींत वारा शिरूं नये म्हणून लोंकरी कापडाच्या पट्ट्या कोंबल्या होत्या. त्या पट्ट्याही एका जुन्या जहाजाच्या शिडाच्या निघाल्या. इजिप्तच्याच तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या प्राचीन बंदराच्या उकिरड्यांत इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील सुती शिडांचे तुकडे सांपडले आहेत. त्यांच्या सुताचा पीळ इजिप्तच्या रीतीचा नसून हिंदुस्थानच्या रीतीचा आहे. आपल्या सुताचीं शिडें दोन हजार वर्षांपूर्वीं अरबी समुद्र ओलांडून जात होतीं, याचा पुरावा कोणा राजाच्या शिलालेखानें नव्हे, तर एका चिंधीच्या पिळानें दिला!

या उदाहरणांवरून एक विचार सुचतो. त्या काळीं समुद्रावर हजारों शिडें फुगलीं असतील. तीं कुजलीं, बुडालीं, नाहींशीं झालीं. लिआँचें शीड टिकलें, कारण कोणीतरी तें कफन म्हणून वापरलें. ट्रॉन्डेनेसचें टिकलें, कारण कोणीतरी तें फटींत कोंबलें. जुनी वस्तु वापरली म्हणजे ती नष्ट होते, अशी आपली समजूत असते. पुष्कळदां नवा उपयोग हाच तिचा रक्षक ठरतो.

परंतु आजचा प्रश्न थोडा निराळा आहे. १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनज्ञांनीं पॉलिएस्टरचा धागा शोधून काढला. १९५० नंतर त्याचीं शिडें होऊं लागलीं, आणि सुती शीड हळूहळू मागें पडलें. हें नवें कापड पाणी पीत नाहीं, त्याला बुरशी सहसा खात नाहीं, आणि तें कुजतही नाहीं. शर्यतीच्या नौकांचें शीड तर जरासें ताणलें जाऊन त्याचा आकार बिघडला, तरी काढून टाकतात. कापड अजून मजबूत असतें. अमेरिकेंत मेन प्रांतांतील पोर्टलंड गांवीं १९९९ पासून अशा शिडांच्या पिशव्या शिवल्या जातात. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील लामू बेटांत जुन्या सुती शिडांच्या पिशव्या नि उशांचे अभ्रे होतात.

हें सर्व स्तुत्य आहे. तरीही एक भेद विसरूं नये. सुती शिडाची शेवटची पायरी माती ही होती; पॉलिएस्टरला ती पायरीच नाहीं. त्याचें पोतेरें झालें, तरी तें कोठेंतरी पडून राहणार, आणि झिजून त्याचे बारीक तंतु पाण्यांत मिसळणार. म्हणून त्याची प्रत्येक पायरी होईल तितकी लांबविली पाहिजे. घरांत दहा पिशव्या टांगलेल्या असतांना शिडाची अकरावी पिशवी हौसेनें विकत घेणें, ही काटकसर नव्हे. ती काटकसरीच्या वेषांतली उधळपट्टी होय.

कोणाच्या हातीं असें शीड आलेंच, तर दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. प्रथम तें गोड्या पाण्यांत पुष्कळ वेळां खळबळून घ्यावें. कापडांत मीठ राहिलें तर तें हवेंतला ओलावा ओढतें, आणि कापड कधींच नीट सुकत नाहीं. सुती शीड ओलसर घडी घालून ठेवूं नये. त्यावर बुरशीचे डाग पडतात. कापतांना जुन्या शिवणी टाळून मधला भाग घ्यावा, आणि दाभणानें जाड दोरा घालून नवी शिवण घालावी. पॉलिएस्टरचें कापड चुलीजवळ नेऊं नये, तें वितळतें.

आपल्या किनाऱ्यावर १९५० नंतर मचव्यांना इंजिनें बसूं लागलीं, आणि आतां शीड क्वचितच दिसतें. म्हणून हा विषय शिळा झाला, असें कोणी म्हणेल. परंतु शिडांच्या जागीं आज नायलॉनचीं जाळीं आणि प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या आल्या आहेत, आणि त्याही फाटतात. मग त्या किनाऱ्यावर तशाच पडतात, किंवा समुद्रांत जाऊन मासे नि कासवें यांच्या गळ्याचा फांस होतात. पूर्वीं फाटकें शीड पाहून घरची म्हातारी विचारी, "याचें आतां काय होईल?" आज तो प्रश्नच आपण विसरलों आहोंत. त्याबरोबर दाभण धरणारा हातही नाहींसा होत चालला आहे. गांवोगांवच्या शाळांनीं हस्तव्यवसायाच्या तासाला एखाद्या वृद्ध तांडेलास बोलावून मुलांना ती भक्कम शिवण शिकवावी, अशी माझी विनंती आहे. कापडाचें आयुष्य शेवटीं शिवणाऱ्याच्या हातांत असतें. आणि तो हात एकदां गेला, तर कितीही दणकट कापड असलें तरी तें उकिरड्याचेंच धन होय.